पायी शिकारीतला धोका नेमका कुणाच्या अंगावर?

आफ्रिकेत जाऊन मोठी जनावरं मारणारे लोक स्वतःच्या बाजूनं जे काही बोलतात त्यात एक मुद्दा हमखास असतो, की आम्ही पायी जातो. जीपमधून गोळ्या झाडत नाही, कुंपणात कोंडलेलं जनावर मारत नाही, रानरेड्याच्या मागावर दिवसभर चालतो, तोही आम्हाला मारू शकतो, म्हणून हा सामना बरोबरीचा. मी हे खूप वर्षं वाचत आलोय आणि खरं सांगायचं तर आधी मला ते पटायचं. आता पटत नाही. पण म्हणून मी सरसकट बंदी मागणाऱ्यांच्या बाजूला गेलोय असंही नाही, आणि ही दोन्ही मतं माझ्या डोक्यात एकाच कारणानं तयार झाली. एक बाजू धोका पत्करल्याचं भांडवल करते, दुसरी बाजू धोक्यापासून हजारो मैल लांब राहते, आणि तो धोका ज्याच्या अंगावर रोज येतो तो माणूस दोघांच्याही बोलण्यात कुठेच नसतो.

आधी ही शिकार चालते कशी ते सांगतो, कारण आपल्याकडे शिकार म्हटलं की मचाण, हाका, आणि वर बसलेले राजेसाहेब किंवा गोरा साहेब हेच डोळ्यासमोर येतं. झिंबाब्वेत झांबेझीच्या खोऱ्यात केप बफेलोची, म्हणजे आफ्रिकी रानरेड्याची शिकार वेगळी असते. पहाटे गाडीनं पाणवठे आणि धुळीचे रस्ते तपासायचे, रात्री कोण पाणी पिऊन गेलं ते बघायचं. शोध असतो म्हाताऱ्या नरांचा, कळपातून बाजूला पडलेले, दोघं-तिघं मिळून फिरणारे, चिखलात लोळून अंगावर पापुद्रा चढलेले, त्यांना तिकडे डागा बॉईज म्हणतात, डागा म्हणजे चिखल. ताजा माग मिळाला की गाडी सोडायची आणि तिथून पुढे सगळं पायी. आणि सगळ्यात पुढे असतो ट्रॅकर, माग काढणारा. खुराच्या ठशाची कड ढासळलीय का, शेणावर साय धरलीय की आत अजून ऊब आहे, चावून टाकलेल्या गवताचं टोक ओलं आहे का, हे तो चालता चालता वाचतो. राखेची एक छोटी पुरचुंडी हातात असते, ती झटकली की वारा कुठून कुठे वाहतोय ते कळतं, कारण वारा फिरला आणि माणसाचा वास पोचला की दिवसभराची चाल वाया. त्याच्या मागे प्रोफेशनल हंटर, म्हणजे लायसन्सवाला शिकारी, त्याच्या मागे पैसे भरून आलेला क्लायंट, मग पाणी घेऊन चालणारा माणूस, आणि सरकारचा एक गार्ड. मोपानी झाडांच्या मोकळ्या रानात लांबवर दिसतं, पण काटेरी दाट झुडपात शिरलात की दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही आणि त्याच झुडपात सात-आठशे किलोचं जनावर दुपारी सावलीला उभं असतं. पाठीवर बसलेले गोचीडखाऊ पक्षी एकदम आवाज करत उडाले की समजायचं त्यांनी आपल्याला बघितलं.

असं चार-पाच तास, कधी सलग तीन दिवस. मग कधीतरी पन्नास-साठ पावलांवर तो नर दिसतो, ट्रॅकर तीन पायांची काठी हळूच उभी करतो, क्लायंट तिच्यावर रायफल टेकवतो आणि बार काढतो. अशा जनावरांसाठी बऱ्याच देशांत .३७५ च्या खालची रायफल चालतच नाही, प्रोफेशनल हंटरच्या हातात त्याहून जड असते.

एवढं सगळं पायी, घाम गाळून आणि कौशल्यानं होतं हे मी नाकारत नाही. पण कौशल्य कुणाचं? माग काढला ट्रॅकरनं, वारा बघितला ट्रॅकरनं, जनावर आधी दिसलं ट्रॅकरला, काठी उभी केली ट्रॅकरनं. मी माझ्या मामाला ही सगळी पद्धत एकदा सविस्तर सांगितली, मामा चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे धान करतो, तो सगळं शांतपणे ऐकत होता आणि शेवटी त्यानं रायफलीबद्दल नाही, रेड्याबद्दल नाही, एवढंच विचारलं, "अन् समोर चालनाऱ्यापाशी बंदूक नाई?"

नसते. बहुतेक वेळा नसते. हातात काठी आणि राखेची पुरचुंडी.

बार चुकला तर पुढे काय होतं ते बघा. जखमी जनावर तसंच सोडून यायचं नाही हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण जखमी रानरेडा दाट झाडीत शिरतो आणि कधी कधी अर्धवर्तुळ घेऊन स्वतःच्याच मागाजवळ येऊन थांबतो. अशा वेळी ट्रॅकरची नजर जमिनीवर असते, कारण गवतावरचा रक्ताचा थेंब शोधायचा असतो, समोर बघायचं काम मागच्या रायफलवाल्याचं. आणि क्लायंट? त्याला बऱ्याचदा मागे थांबायला सांगतात, आणि ते शहाणपणाचंच आहे, कारण घाबरलेला नवखा माणूस हातात भरलेली रायफल घेऊन पाठीमागे असणं हा आणखी एक धोका. म्हणजे ज्या धोक्यासाठी हजारो डॉलर मोजले, ज्याच्या जोरावर पुढे आयुष्यभर बरोबरीच्या सामन्याच्या गोष्टी सांगायच्या, तो धोका खरोखर समोर उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे जातो तो पगारी माणूस. प्रोफेशनल हंटरही मरतात, २०१५ च्या एप्रिलमध्ये झांबेझी खोऱ्यात एका अनुभवी हंटरला तरुण हत्तीनं मारलं, २०१७ मध्ये झिंबाब्वेतल्याच ग्वाई भागात गोळी लागलेली हत्तीण अंगावर कोसळून दुसरा एक गेला, दोन्ही बातम्या जगभर छापून आल्या, नावांसकट, फोटोंसकट. ट्रॅकर मरतो तेव्हा किती पेपरांत नाव येतं?

आणि बरोबरीचा सामना म्हणायचं तर दोघांनीही आपणहून उतरायला हवं ना. रेडा कुठे उतरलाय, तो तर पाणी पिऊन सावलीला गेला होता.

हे आजचंच आहे असं नाही, मुळापासूनच असं आहे. केनियात त्सावोच्या बाजूला वाता नावाचे लोक राहतात, जुन्या पुस्तकांत त्यांना वालियांगुलू म्हटलेलं सापडतं. हे लोक पिढ्यानपिढ्या हत्तीची शिकार पायी करत आले, ओढायला कमालीचं जड असं धनुष्य, बाणाला एका झाडापासून उकळून केलेलं विष, आणि हत्तीच्या इतकं जवळ जायचं की बाण पोटात आतपर्यंत रुतला पाहिजे. क्लायंट नाही, मागे बॅकअप रायफल नाही. पायी केलेली धोक्याची शिकार जर खरंच इतकी मानाची गोष्ट असती तर या लोकांना मान मिळायला हवा होता. मिळालं काय, तर इंग्रजी अमलात शिकारीचे कायदे आले, लायसन्स घेऊन मारणारा साहेब स्पोर्ट्समन ठरला आणि वाता माणूस चोरटा शिकारी, आणि १९५० च्या दशकात त्सावोत जी मोठी मोहीम झाली तिच्यात त्यांचे शिकारी पकडून तुरुंगात घातले. त्याच केनियात १९०९ मध्ये थिओडोर रुझवेल्ट अमेरिकेचं अध्यक्षपद सोडल्यावर लगेच आले होते, शेकडो हमाल घेऊन, त्यांनी आणि त्यांच्या मुलानं मिळून पाचशेच्या वर जनावरं मारली आणि त्याला वैज्ञानिक मोहीम म्हटलं गेलं. आपल्याकडे फासेपारध्यांचं काय झालं ते आठवून बघा. १८७१ च्या कायद्यात जातीच्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरवायची सोय झाली, पारध्यांवर तो शिक्का बसला, आणि त्याच काळात संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी वाघावर पाय ठेवून फोटो काढत होते. माग काढायला मात्र त्यांना जंगलातलाच माणूस लागायचा.

म्हणून शौर्याचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. त्यावर शिकारीचं समर्थन होत नाही.

आता दुसरी बाजू. बोट्सवानात साधारण १,३०,००० हत्ती आहेत, जगात कुठल्याच देशात इतके नाहीत, आणि माणसं आहेत पंचवीस लाखांच्या आसपास. उत्तरेकडच्या गावांत हत्ती म्हणजे टीव्हीवरचं जनावर नाही, तो रात्री येतो आणि वर्षभराचा मका एका रात्रीत संपवतो, पाण्याची टाकी फोडतो, पाइप उखडतो, पाण्याला निघालेल्या बाईला आणि शाळेत चाललेल्या पोरांना वाटेत आडवा येतो. २०१४ मध्ये तिथल्या सरकारनं शिकार बंद केली, २०१९ मध्ये गावागावांत लोकांचं म्हणणं ऐकून पुन्हा सुरू केली आणि युरोपात मोठा गदारोळ झाला. २०२४ मध्ये जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफींवर, म्हणजे मारलेल्या जनावराचं डोकं, शिंगं, सुळे असं काही देशात आणण्यावर, निर्बंध आणायची चर्चा सुरू झाली तेव्हा बोट्सवानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले की आम्ही तुम्हाला २०,००० हत्ती पाठवतो, आम्हाला जसं राहायला सांगता तसं तुम्ही त्यांच्यासोबत राहून दाखवा. बऱ्याच लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, मला ते आमच्या भागातल्या माणसाचं बोलणं वाटलं. ब्रिटनमध्येही ट्रॉफी आयातबंदीचं विधेयक २०२३ मध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं आणि वरच्या सभागृहात अडकलं. ही मागणी करणारे लोक वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांना जनावरांची खरंच कळवळ आहे, पण त्यांच्यापैकी कुणाच्या शेतात हत्ती येणार नाही हेही तितकंच खरं.

बंदीनं जनावर वाचतं का? केनियानं १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. त्यानंतर १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या कुरणांमधली वन्यजनावरं सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली असं अभ्यासकांनी मोजलंय. शिकारीचे समर्थक हा आकडा लगेच पुढे करतात, बघा बंदीमुळे झालं म्हणून. तसं नाही, माणसं वाढली, गुरं वाढली, कुंपणं आली, पाऊस बिघडला. पण एवढं नक्की की बंदी घातली आणि जनावर वाचलं असं सरळ गणित नाही. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला जनावराचा काही उपयोग नसेल तर तो तिथे गुरं चारणार नाहीतर नांगर घालणार, आणि नांगरलेली जमीन रेड्याला गोळीपेक्षा जास्त महागात पडते. गोळीनं एक म्हातारा नर जातो, नांगरानं अख्ख्या कळपाची जागा जाते.

नामिबियाचं उदाहरण मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. हाच तो देश जिथून २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कुनोला आठ चित्ते आले. तिथे १९९६ मध्ये कायदा बदलला आणि गावकऱ्यांनी एकत्र येऊन आपली हद्द ठरवली, समिती नेमली तर त्या हद्दीतल्या जनावरांवरचा हक्क त्यांना मिळू लागला. त्याला कॉन्झर्वन्सी म्हणतात, आज अशा ८६ आहेत आणि देशाची साधारण पाचवा हिस्सा जमीन त्यांच्यात येते. पहिल्या काहींपैकी एक न्याए न्याए, १९९८ ची, तिथे सान लोक राहतात, माग काढण्यात त्यांचा हात धरणारा जगात कुणी नसेल. तिथे हत्तीची शिकार झाली की पैसे कॉन्झर्वन्सीकडे येतात, त्यातून सभासदांना रोख वाटप होतं, आणि हत्तीचं मांस गावांत वाटलं जातं. पर्यटनाचे पैसे का नाही, असं लोक विचारतात, तर पर्यटक जातो जिथे विमानतळ आहे, लॉज आहे, फोटो चांगला येतो, रखरखीत काटेरी रानात उन्हातान्हात पाच तास चालायला पर्यटक येत नाही, शिकारी येतो.

पण झिंबाब्वेत बघा. १९८९ पासून तिथे कॅम्पफायर नावाची योजना आहे, कल्पना हीच, की शिकारीचे पैसे गावाला. त्यातला मोठा हिस्सा हत्तीच्या शिकारीतून यायचा. पैसे मात्र आधी जायचे जिल्ह्याच्या कौन्सिलकडे आणि तिथून गावापर्यंत येता येता कितीतरी गळायचे, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको, जिल्हा परिषदेतून ग्रामपंचायतीत निधी कसा येतो ते आपण बघतोच. शिवाय २०१४ मध्ये अमेरिकेनं झिंबाब्वेच्या हत्तीच्या ट्रॉफी आणायला मनाई केली आणि गावांचं उत्पन्न एका फटक्यात खाली आलं. निर्णय वॉशिंग्टनमध्ये, हत्ती मात्र शेतातच. तेव्हा शिकारीनं गावाचं भलं होतं असं सरसकट कुणी म्हणत असेल तर त्याला आधी विचारायचं की पैसे कुणाच्या खात्यात जातात आणि कोटा, म्हणजे किती जनावरं मारायची ते, कोण ठरवतं.

माझ्या मते काही गोष्टी उद्याच बंद व्हायला हव्यात. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह पिंजऱ्यात वाढवतात, आठ हजारांच्या आसपास, बछडे असताना पर्यटकांच्या मांडीवर देतात आणि मोठे झाले की कुंपणाच्या आत सोडून शिकाऱ्याला विकतात. २०२१ मध्ये तिथल्या सरकारच्याच समितीनं हे थांबवा म्हणून शिफारस केली. त्यात ना जंगल वाचतं ना गाव, त्याला शिकार म्हणणं हा वाता लोकांचा अपमान आहे. झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर २०१५ मध्ये सेसिल नावाचा सिंह मारला तो तर आमिष लावून, आडोशाला बसून, बाणानं, आणि जखमी होऊन तो कितीतरी तास तसाच पडून होता. आणि अम्बोसेलीचे हत्ती. केनियातलं अम्बोसेली, तिथल्या हत्तींचा अभ्यास १९७२ पासून चाललाय, एकेका हत्तीचं कुटुंब, वय, नातीगोती माहीत आहेत. हे हत्ती सीमा ओलांडून टांझानियात जातात आणि १९९० च्या दशकापासून तिथे त्यांना मारायचं नाही असं ठरलेलं होतं. २०२३ च्या शेवटापासून पुढच्या काही महिन्यांत तिथे प्रचंड सुळ्यांचे मोठे नर एकामागून एक मारले गेले. आयुष्यभर माणसांच्या गाड्या बघितलेला, माणसाला न बिचकणारा हत्ती, त्याच्याजवळ पायी गेलात म्हणून तो सामना होत नाही. तो पळालाच नसता.

आणि धाडस दाखवायला मारावंच लागतं हे तर त्याच भागातल्या मसाई पोरांनी खोटं ठरवलंय. मसाईंमध्ये सिंहाची शिकार म्हणजे भाला घेऊन पायी, तरुण योद्ध्याची कसोटी, गुरं मारली म्हणून बदला घ्यायलाही जायचे. २००७ च्या सुमारास अम्बोसेलीच्या बाजूला लायन गार्डियन्स नावाचं काम सुरू झालं, त्याच तरुणांना पगारावर घेतलं, ज्यांच्यातल्या काहींनी आधी सिंह मारलेले होते. ते रोज पायीच सिंहाचा माग काढतात, सिंह कुठे आहे ते गुराख्यांना कळवतात, हरवलेली गुरं शोधून आणतात, काटेरी कुंपणं नीट करून देतात, आणि कुणी भाले घेऊन निघालं तर वाटेत अडवतात. धोका तोच, चालणं तेच, माग तोच. सिंहाला ते नावं ठेवतात, पूर्वी सिंह मारणाऱ्या योद्ध्याला नवं नाव मिळायचं. मला हे वाचलं तेव्हा खूप भरून आलं होतं. पण हे सगळीकडे जमेल का, तर नाही, कारण त्याला वर्षानुवर्षं कुणीतरी पगार द्यावा लागतो, आणि जिथे तो देणारा कुणी नाही तिथे मी गावाला शिकारीचे पैसे नाकारू शकत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की जिथे जनावरं भरपूर आहेत, जिथे जमीन आणि हक्क गावाचे आहेत, कोटा गावाच्या सभेत ठरतो आणि पैसे थेट तिथे येतात, तिथे पायी शिकार चालू राहावी, म्हातारे नर तेवढेच, सिंह असेल तर सहा वर्षांच्या वरचा, हा नियम मोझांबिकच्या नियासात आणि टांझानियात आहेच. उद्या त्या गावानं ठरवलं की आता पुरे, तर बंद व्हावी, बाहेरच्या कुणाच्या परवानगीशिवाय. आणि परमिटवर जसं क्लायंटचं नाव असतं तसं ट्रॅकरचं नाव असावं, त्याचा विमा क्लायंटनं भरावा, हंटच्या किमतीतला ठरलेला टक्का त्याचा असावा, बक्षिशी म्हणून खुशीनं हातावर ठेवलेला नाही, हक्काचा. भिंतीवर शिंगं लावायची असतील तर खाली त्याचं नाव लिहायला काय हरकत आहे.

आपल्याकडे वाघाची शिकार उघडा असं मी म्हणतोय असा अर्थ कुणी काढू नये. २०२२ च्या गणनेत सगळ्या देशात ३,६८२ वाघ होते, बोट्सवानाच्या हत्तींशी त्याची तुलनाच नाही, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नसता तर आज ते तेवढेही नसते. पण ब्रह्मपुरीकडे वाघ जंगलात कमी आणि धानाच्या बांध्यांच्या कडेला जास्त दिसतो, तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या बायका मरतात, मेल्यावर सरकार २५ लाख देतं, आणि जिवंत असताना त्यांना कुणी काही विचारत नाही. वाघ वाढले म्हणून पुण्या-मुंबईत आनंद होतो, मलाही होतो, मीही पुण्यातच असतो. आफ्रिकेतल्या गावांना आपण काय शिकवायचं असा विचार मनात आला की मला मामाचा माळा आठवतो, चार बांबूंवर उभा केलेला, रानडुकरांसाठी रात्रभर डबा वाजवत बसायचा, आणि पहाटे खाली उतरताना आधी बॅटरी मारून बांधावर ठसे बघायचे. या वर्षी धान कापणीला आलं की मी आठ दिवस सुट्टी काढून तिकडे जातोय, त्याचे गुडघे आता दुखतात, त्याला रात्री माळ्यावर चढवत नाही.